धुईतली ओ

१

सकाळी नऊ वाजता मी नानांना उशीला टेकवून बसवायचे, त्यांचा लुळा उजवा हात मांडीवर नीट ठेवायचे आणि चित्रांची चळत काढायचे. पाणी. गाय. ताट. घर. छत्री. नंदुरबारला वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम आहेत, त्यांनी तीस चित्रं दिली होती. एकेक चित्र दाखवायचं, शब्द सावकाश म्हणायचा आणि नानांच्या तोंडाकडं बघत थांबायचं.

"पाणी," मी म्हणायचे.

"धुई," नाना म्हणायचे.

"गाय."

"धुई."

नाना म्हणजे माझे सासरे, चुनीलाल. आमची केळीची बाग कोरीट गावाच्या खाली, तापीच्या काठाला आहे. डिसेंबरात पारा आठवर आला. केळीला एवढी थंडी सोसत नाही, म्हणून काठावरचे सगळेच बागवाले पहाटे बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करतात. तेवीस तारखेला नाना आणि माझा नवरा ललित उजाडायच्या बेताला मोटरसायकलवर निघाले. त्या दिवशी एवढी धुई पडली होती की दारातून तुळस दिसत नव्हती. मोटरसायकलचा आवाज मात्र बराच वेळ ऐकू येत होता.

साडेआठला शेतावरचा सालदार फुलसिंग नानांना पाठीवर घेऊन आला. तोंड वाकडं झालेलं, उजवी बाजू गेलेली. डोळे टक्क उघडे आणि तोंडात तो एकच शब्द.

ललित आला नाही. सहा दिवस होड्या घालून नदी शोधली, जाळी टाकली. काही मिळालं नाही. पाय घसरून पाण्यात गेला असेल, असं पोलिसांनी लिहून घेतलं. मोटरसायकल बांधाजवळच्या निंबाखाली उभी होती, किल्ली तिलाच. ललित परत येईल म्हणून सासूबाईंनी ती कोणाला हलवू दिली नाही.

"तो ई तवय काय पायी पायी ई का?" त्या म्हणाल्या.

२

सासूबाईंचं नाव शांतीबाई. आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो. पहिले पंधरा दिवस त्यांनी नानांची सेवा केली. नंतर त्यांच्यानं राहवेना. दुपारी मी भांडी घासत असले की आतून त्यांचा आवाज यायचा.

"मन्हा आंडोर कोठे शे, सांगा ना! तुम्हीन व्हतात त्यानासंगे. सांगा ना ओ!"

"धुई."

"धुई माले माहीत शे! ललित कोठे शे?"

एकदा मी धावत गेले तर त्यांनी नानांचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं होतं. नानांची मान लटलटत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी मायला ओढून बाहेर आणलं. त्या ओट्यावर बसल्या आणि कपाळ भिंतीवर आपटायला लागल्या. मी मध्ये हात घातला, तेव्हा माझी बोटं चेचली.

मग मीच शपथ घेतली. मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी अक्कलकुव्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. म्हटलं, माय, मी नानांना बोलतं करीन. दोन महिने द्या. ललित कुठं गेला ते फक्त या एका माणसाला माहीत आहे आणि ते याच्या तोंडात अडकलंय. मी ते काढीन.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंदूतली रक्ताची गाठ बोलण्याच्या जागी आहे. झटका आला त्या घडीला जो शब्द जिभेवर असेल, तो कधीकधी तेवढाच उरतो. कोणाची शिवी उरते, कोणाचा देव. यांची धुई उरली. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

मी आधी तोच शब्द सोडवायला घेतला. एकाच वस्तूला दुसरं नाव घेता आलं तर वाट मोकळी होईल, असा हिशेब. माझ्या माहेरी, गुजरातच्या हद्दीला, धुम्मस म्हणतात. पुस्तकात धुकं. मुलांना मी शिकवायचे, धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग, त्यात पाण्याच्या बारीक थेंबांशिवाय काही नसतं.

"नाना, धुकं म्हणा. धु-कं."

त्यांनी ओठ आवळले.

"धुम्मस म्हणा बरं."

नानांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. जोरात. तळहाताला औषधाचा वास होता. ते घाबरलेले होते, पण वेड्यासारखे नाही. लहान मूल विस्तवाकडं जाताना आपण जसं धरतो, तसं त्यांनी मला धरलं होतं.

३

मॅडमना पाठवायला मी रोजचा सराव फोनवर रेकॉर्ड करायचे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मला पहिल्यांदा ते जाणवलं.

मी काहीच विचारलं नव्हतं. चित्रं मांडीवर पालथी होती. नाना खिडकीकडं बघत म्हणाले, "धुई." मग थांबले. मान थोडी कलती केली. मग पुन्हा, "धुई." पुन्हा थांबले. या वेळी जरा जास्त.

माणूस फोनवर बोलतो ना, तसं. समोरच्याचं बोलणं होईस्तोवर थांबल्यासारखं.

खिडकीबाहेर धुई होती. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, टप, टप, पाऊस नसताना.

दुपारी मी ते रेकॉर्डिंग कानात घालून ऐकलं. नानांच्या खोलीत भिंतीवर जुनं घड्याळ आहे, त्याची टिकटिक मोठी. रेकॉर्डिंगमध्ये ती आधीपासून येत होती. टिक, टिक, "धुई." आणि मग काहीच नाही. टिकटिक नाही, पत्र्याचं पाणी नाही, माझा श्वास नाही. चार सेकंद. मग एकदम सगळं परत, आणि नाना, "धुई." मग पुन्हा कोरं. सहा सेकंद.

मी स्वतःला समजावलं. आजकालचे फोन बारीक आवाज आपोआप कापतात. ते खरंही आहे.

मग मी मागच्या आठवड्यातली रेकॉर्डिंग काढून ऐकली. ऊन होतं त्या दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये घड्याळ शेवटपर्यंत चालत होतं. धुईच्या दिवसांत ते मध्येमध्ये नाहीसं होत होतं. दर वेळी नाना बोलून झाल्यावर, पुढचं बोलायच्या आधी.

फोन तोच. खोली तीच.

मायला मी हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हने त्या मॅडम?" मी म्हटलं, सुधारणा आहे.

४

फुलसिंगनं महिनाभरात काम सोडलं होतं. वर्ष संपायच्या आधी सालदार काम सोडत नाही, तरी तो डोंगरातल्या आपल्या गावाला निघून गेला होता. मी तळोद्याच्या बाजारच्या दिवशी गेले आणि डोंगरात जाणाऱ्या जीपगाड्यांपाशी दुपारपर्यंत उभी राहिले. तो आला. मला बघून आधी वळला, मग थांबला.

पन्नाशीचा माणूस. घरी त्याची बोली वेगळी, आमच्याशी तो आमच्यासारखं बोलायचा.

"भाबी, मी पोलिसले नही सांगं," तो म्हणाला. "काय सांगतू?"

"मला सांग."

तो जीपच्या चाकाकडं बघत राहिला. त्या सकाळी तो बागेच्या वरच्या टोकाला पालापाचोळा गोळा करत होता. नाना आणि ललित खाली. धुईत कोणी कोणाला दिसत नव्हतं. नानांनी हाक मारली, ललित. ललितनं ओ दिली, वनू, म्हणजे आलो. हे रोजचंच. मग पुन्हा हाक आली.

"नाना दोनीकडथाईन हाका मारी ऱ्हायंतात," फुलसिंग म्हणाला. "रस्ताकडथाईन बी, नदीकडथाईन बी. एकच आवाज. एकच टाइमले."

"प्रतिध्वनी असेल. केळीची भिंत असते, धुईत आवाज—"

"माले बी तसंच वाटनं."

"मग?"

"ललितभाऊ नदीकडे ओ देत गया. ओ, वनू. ओ, वनू. दूर दूर. नदी तेवढी दूर नही शे, भाबी. आपला शेतनंतर पन्नास पावलं नदी. तो त्याना बी पुढे जात गया, अन् ओ देत गया."

माझ्या पिशवीतली भाजी मी घट्ट धरली होती.

"अन् नाना?"

"नाना हाका मारता मारता एकदम गप व्हयनात. मी पळत गऊ. नाना बांधवर बठेल व्हतात." त्यानं आपला हात तोंडाशी नेला. "तोंडमा माती व्हती. पुरी भरेल. मी बोट घालीसन काढी."

डॉक्टरांनी दाखल करताना विचारलं होतं, पेशंट तोंडावर पडला का? आम्ही हो म्हटलं होतं.

"पडले असतील ते," मी म्हणाले.

"मूठ बी भरेल व्हती मातीनी. डावी मूठ," फुलसिंग म्हणाला. जीपवाला हॉर्न मारत होता. टपावर चढताना तो वाकून म्हणाला, "भाबी, त्यासले बोलाले लावू नका."

५

मी काय करायला हवं होतं, ते मला आज कळतं. त्या दिवशी परत येताना एसटीत मी तासभर मनाशी भांडले. झटका येताना माणूस तडफडतो, हाताला येईल ते तोंडात कोंबतो. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. घाबरलेल्या माणसाला पन्नास पावलं पाचशे वाटतात. एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला उत्तर होतं. मी ती सगळी उत्तरं धरून घरी आले, आणि दारात माय उभ्या होत्या.

"काय सांगं त्यानी?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या पायांना हात लावला. सासूनं सुनेच्या पायांना. "मोहिनी बेटा, मी त्यासना तोंडून ऐकाशिवाय मरावं नही. तू सराव सोडू नको."

मी सोडला नाही.

मॅडम म्हणाल्या, आता चित्रांच्या ऐवजी घरच्यांचे फोटो घ्या, जिव्हाळ्याचं नाव लवकर फुटतं. ललितचा फोटो दाखवल्यावर नानांनी भिंतीकडं तोंड केलं आणि दिवसभर जेवले नाहीत. मग माय स्वतः आपला फोटो घेऊन आल्या, कुठल्यातरी अर्जासाठी काढलेला, डोक्यावर पदर, डोळे वटारलेले.

"मन्हं नाव तरी ल्या," त्या नानांसमोर बसून म्हणाल्या. हसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा. "चाळीस वरीस व्हयनात. ललितनी माय, ललितनी माय करात. एक डाव शांती म्हना."

नानांनी त्यांच्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मी नजर वळवली. मग ते हळूच म्हणाले, "धुई." नाही म्हणावं तसं.

रोज सकाळी मी तो फोटो धरायचे. शां-ती. नाना, शां-ती. त्यांचे ओठ हलायला लागले होते. मी खूश होते. लपवून काय करू, मी खूश होते.

६

फेब्रुवारीची बारा तारीख. थंडी संपत आली असं सगळे म्हणत होते. सकाळी उठले तर अंगण नव्हतं. दार उघडलं तर पांढरं होतं, उंबरठ्याला टेकलेलं. आमच्या अंगणापलीकडं चुलतसासऱ्यांच्या गोठ्याची भिंत आहे, दारापासून बारा पावलांवर. तीही नव्हती.

नाना उजाडल्यापासून बोलत होते. "धुई." थांबून, "धुई." लगेच, "धुई." मधले थांबे कमी कमी होत चालले होते, कोणी घाईघाईनं प्रश्नावर प्रश्न टाकावेत तसे. घामानं त्यांचा सदरा भिजला होता. त्यांना शांत करायला म्हणून मी चित्रं काढली. सवयीनं पहिलं वर धरलं.

"पाणी," नाना म्हणाले.

स्वच्छ. पूर्वीच्याच आवाजात.

मी ओरडले, "माय! नाना बोलले! पाणी म्हणाले!" माय अंगणात नळाखाली दुधाची बरणी धूत होत्या. बरणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

नानांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. ते स्वतःच्याच तोंडाला भ्यायले होते. "गाय," ते म्हणाले. मी चित्र दाखवलंही नव्हतं. "ताट. घर. छत्री." डावा हात उचलून ते आपले ओठ दाबू लागले, आणि बोटांच्या फटीतून शब्द येतच राहिले. पन्नास दिवस दातांखाली धरून ठेवलेलं सगळं सुटलं होतं. मी मायचा फोटो उशीखाली लपवायला गेले. उशीर झाला होता.

"शांती," नाना म्हणाले.

घड्याळ ऐकू येईनासं झालं. पत्र्याचं पाणीही. मी घड्याळाकडं बघितलं. काटा फिरत होता.

त्या शांततेत बाहेरून, अंगणाच्याही पलीकडून, नानांचा आवाज आला. "शांती." तसाच. पहिलं अक्षर किंचित ओढलेलं, जसं मी शिकवलं होतं.

"मन्हं नाव लिधं!" माय म्हणाल्या. "मोहिनी, ऐकं का? त्यासनी मन्हं नाव लिधं!"

मी दाराकडं धावले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. त्या खोलीकडं वळल्याच नव्हत्या. पदर सावरत, नवी नवरी चालते तशा त्या धुईकडं चालल्या होत्या.

"ओ," त्या म्हणाल्या. "ई ऱ्हायनी. ई ऱ्हायनी."

आणि तिकडून ललितचा आवाज आला. "माय."

मी पायरी उतरले. एक लक्षात ठेवा, भिंत बारा पावलांवर आहे. मी त्यांच्याकडं बघत होते आणि त्या चालत होत्या. बारा पावलं झाली. वीस झाली. त्या लहान होत गेल्या. शेतातल्या लांब बांधावरून माणूस जाताना जेवढा दिसतो, तेवढ्या. त्यांच्या बाजूला आता आणखी एक जण चालत होता. डावा खांदा जरा उतरता. ती चाल मी पाच वर्षं खिडकीतून ओळखत आलेली. दोघांच्या खांद्यांवर एकेक हात होता, आणि ते हात फार वरून आले होते.

मी तोंड उघडलं. ललित म्हणणार होते. ल जिभेवर आला होता.

मागून माझी साडी ओढली गेली आणि मी पायरीवर आपटले. नाना पलंगावरून पडून, अर्धं अंग फरफटत दारापर्यंत आले होते. त्यांनी डावा हात माझ्या तोंडावर दाबला आणि दाबूनच ठेवला. माझे दात ओठांत रुतले. रक्ताची चव आली. मी त्यांचं बोट चावलं तरी त्यांनी हात काढला नाही. आम्ही दोघं तिथं तसे पडून होतो आणि ते माझ्या कानाशी रडत होते, आवाज न करता.

साडेदहाला ऊन पडलं. भिंत बारा पावलांवर होती. नळ चालू होता.

७

पोलीस पुन्हा आले. होड्या पुन्हा घातल्या. बाई मुलाच्या दुःखानं नदीत गेली, असं लिहिलं गेलं. मी सही केली.

आता एप्रिल आहे. मी नानांना घेऊन तळोद्याला, ललितच्या बहिणीकडे, सुनिताकडे आले आहे. बेचाळीस अंश ऊन आहे. भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि मला ते आवडतं. दुपारी सगळे दारं लावून घेतात तेव्हा मी मागच्या ओट्यावर जाऊन उन्हात उभी राहते.

नाना आता धुई म्हणत नाहीत. तो शब्द गेला. त्या जागी दुसरा आला आहे आणि तोही एकटाच. ते दिवसभर तो म्हणतात, झोपेतही म्हणतात. म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं असतं. त्यांनी कितीही दात आवळले तरी तो येतो. मॅडमनी फोनवर ऐकला आणि त्या म्हणाल्या, किती छान, तुम्ही एवढं केलंत त्यांचं, म्हणून तुमचंच नाव आलं.

मी नानांसमोर हात जोडले. म्हटलं, नाना, दुसरं काहीही म्हणा. शिवी द्या. त्यांनी मान हलवली. त्यांच्याही हातात नाही.

या घरात मला सगळे वहिनी म्हणतात, एवढं बरं आहे. नाव घेऊन हाक मारणारे फक्त नाना. म्हणून मी एक नियम केला आहे. नावाला ओ द्यायची नाही. समोर जायचं, त्यांच्या तोंडाकडं बघायचं, ओठ हललेत का ते बघायचं, आणि मगच काय हवं ते विचारायचं. दोन महिने मी हा नियम पाळला.

काल संध्याकाळी सुनिता बाजारात गेली होती. मी स्वयंपाकघरात नानांना खिचडी भरवत होते. दिवसभराच्या उकाड्यानं डोकं सुन्न झालं होतं. नानांनी हाक मारली, मोहिनी. मी चमच्यात पुढचा घास घेत होते.

"ओ," मी म्हटलं. "काय हवं, नाना?"

मग मी वर बघितलं. नानांचं तोंड मिटलेलं होतं. गाल खिचडीनं भरलेले होते. ते माझ्याकडं बघतच नव्हते, माझ्या पाठीमागच्या दाराकडं बघत होते.